जहाजांचे तेल आणि समुद्राचा कायदा

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही गोव्याला, म्हणजे बार्देशात माझ्या सासुरवाडीला, जातो. पाऊस लागण्यापूर्वीचे ते आठ-दहा दिवस मुलींना समुद्रावरून उचलून आणावे लागते. काही वर्षांपूर्वी धाकटी अशीच किनाऱ्यावरून आली आणि पांढऱ्या लादीवर तिची काळी पावले उमटली. चिखल नव्हे, बोटाने घासून निघेना, साबणाने तर मुळीच नाही. आजीने कापसाचा बोळा खोबरेलात बुडवला आणि म्हणाली, "ये गे बाय, बस. हे पाऊस येईपर्यंत असंच असतं." ज्या सहजपणे आपण आंब्याच्या चिकाबद्दल बोलतो त्याच सहजपणे ती डांबराबद्दल बोलत होती, आणि मला खटकली ती हीच गोष्ट.

ह्या डांबराच्या गोळ्या तुम्हीही पाहिल्या असतील. कपड्यांच्या कपाटात ठेवतो त्या पांढऱ्या डांबरगोळ्या नव्हेत. वाळूत वाटाण्याएवढ्या, कधी लिंबाएवढ्या, उन्हाने मऊ झालेल्या काळ्या गोळ्या. उघड्या समुद्रावर सांडलेले खनिज तेल वाऱ्याने, लाटांनी, उन्हाने आटत जाते. त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग पाण्याशी घुसळून घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की तो आपल्या किनाऱ्याला लागतो. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी ह्या गोळ्या तपासल्या आहेत. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसा प्रत्येक खाणीतल्या तेलाचा रासायनिक ठसा असतो. तो जुळवून पाहता काही गोळ्यांचे मूळ मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे निघाले, तर काहींचे टँकरांनी टाकलेल्या तेलाकडे. तेव्हा सगळेच पाप जहाजांच्या माथी मारणे बरोबर नाही. परंतु आज मला जहाजांविषयीच बोलावयाचे आहे, आणि त्यातही कायद्याविषयी. मी शास्त्रज्ञ नव्हे, खलाशीही नव्हे; कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारा मास्तर आहे. जहाजांनी समुद्रात तेल टाकू नये असा कायदा होऊन सत्तर वर्षे उलटली. मग माझ्या मुलीच्या तळव्याला डांबर का लागावे, हा माझा प्रश्न.

आधी एक गैरसमज दूर करू. समुद्रातले तेल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फुटलेले जहाज उभे राहते. अपघात होतात आणि भयंकर होतात हे खरे. पण कायदा प्रथम झाला तो अपघातांसाठी नव्हे, रोजच्या धुण्यासाठी. आपल्या घरातला गोडेतेलाचा डबा रिकामा झाला म्हणजे गृहिणी तो पालथा घालून ठेवते, आणि सकाळी खालच्या वाटीत दोन चमचे तेल जमलेले असते. टँकरचे तसेच आहे. पन्नास हजार टन कच्चे तेल वाहणाऱ्या जहाजाने सगळा माल उतरवला, तरी टाक्यांच्या भिंतींना नि तळाला दोनशे टनांच्या आसपास तेल चिकटून राहते. आता हे जहाज रिकामे परत निघाले. रिकामे जहाज पाण्यावर फार उंच तरंगते, डोलते; म्हणून त्याच टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात. त्याला बॅलास्ट म्हणतात. वाटेत टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायच्या आणि नवा माल भरण्यापूर्वी ते सगळे तेलकट पाणी समुद्रात सोडायचे, अशी पूर्वीची सर्रास रीत होती. त्यात लपवाछपवी नव्हती. आपण अंगण धुऊन पाणी गटारात लोटतो तसेच ते होते. फरक इतकाच, की एका वेळी दोनशे टन आणि जगात अशी जहाजे हजारो.

१९५४ साली लंडनमध्ये परिषद भरली आणि पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो १९५८ पासून अमलात आला. नियम वाचायला साधा होता: किनाऱ्यापासून साधारण पन्नास मैलांच्या आत, ज्यात दहा लाख भागांत शंभराहून अधिक भाग तेल आहे असे पाणी सोडू नये. आता तुम्हीच विचार करा. पन्नास मैलांच्या बाहेर काय? तेथे बहुतेक मोकळीक. तेलाला कोणी सीमारेषा आखून दिली होती थोडीच! शिवाय आतही शंभर भाग की दोनशे हे मोजणार कसे? जहाजावर ते मोजणारे भरवशाचे यंत्रच त्या काळी नव्हते, आणि वरून जाणाऱ्या विमानातून तर फक्त पाण्यावरची चकाकी दिसे. रात्री तीही नाही. बरे, समजा कोणी पाहिले. पाहायचे एका देशाने, तक्रार धाडायची दुसऱ्या देशाकडे, म्हणजे ज्याचे निशाण जहाजावर आहे त्याच्याकडे, आणि खटला चालवायचा त्या दुसऱ्याने. त्या देशाचा किनारा हजारो मैल दूर. त्याला काय पडले आहे? लायबेरिया, पनामा अशा देशांची निशाणे भाड्याने घेण्याची पद्धत तेव्हा जोरात होती. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, की कायदा नुसता चांगला असून भागत नाही, तो मोडलेला कोणाला तरी दिसावा लागतो. १९५४ चा कायदा मोडलेला दिसतच नव्हता.

पुढे १९६९ साली नियम बदलले. मैलामागे साठ लिटर आणि एकूण माल भरण्याच्या शक्तीच्या पंधरा हजाराव्या हिश्शाहून अधिक तेल सोडायचे नाही, असे ठरले. दरम्यान तेल कंपन्यांनी एक युक्ती काढली होती: धुण्याचे पाणी एका टाकीत स्थिर होऊ द्यायचे, खालचे पाणी सोडायचे, वर तरंगलेले तेल तसेच ठेवून त्याच्यावरच नवा माल भरायचा. युक्ती चांगली, तेलही वाचत होते. परंतु अंमलदार तोच राहिला: काळोखात, भर समुद्रात, ज्याच्या हातात झडप आहे तो माणूस. ते बदललेले नियमही अमलात यायला १९७८ साल उजाडले.

मधल्या काळात १८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' नावाचे जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी खडकावर चढले. सुमारे एक लाख वीस हजार टन तेल. शेवटी ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकून ते पेटवण्याचा प्रयत्न केला, आणि तेल विरघळावे म्हणून जी रसायने ओतली त्यांनी किनाऱ्यावरचे जीव तेलाहूनही अधिक मारले. पण माझे लक्ष वेधते ती पुढची गोष्ट. जहाजावर निशाण लायबेरियाचे, मालक बर्म्युडातली कंपनी, कप्तान इटालियन, माल ब्रिटिश कंपनीसाठी चाललेला. नोटीस बजावायची तरी कोणावर? ब्रिटिश सरकार त्याच मालकाचे दुसरे जहाज कोठे बंदराला लागते याची वाट पाहत बसले. चार महिन्यांनी ते सिंगापूरला आले, तेव्हा कुठे एका वकिलाने त्यावर चढून डोलकाठीवर कोर्टाचा कागद चिकटवला. त्याला व्हिस्की विकणारा समजून खलाशांनी वर घेतले होते असे सांगतात! पुढे ब्रिटन आणि फ्रान्स ह्यांना मिळून तीस लाख पौंड मिळाले. भर समुद्रात वाऱ्यासारखे निसटणारे जहाज बंदरात आले की मुठीत येते, हे ह्या प्रकरणाने शिकवले असे मला वाटते.

हा धडा कायद्यात उतरला तो १९७३ च्या करारात आणि १९७८ च्या त्याच्या पुरवणीत. नाविकांच्या बोलण्यात त्याला 'मार्पोल' म्हणतात. २ ऑक्टोबर १९८३ पासून तो लागू झाला. किती तेल सोडायचे ह्याचे नियम त्यातही आहेत, आणि अधिक कडक आहेत. पण खरी नवी गोष्ट वेगळी होती. जहाज बांधावे कसे, हेच कायद्याने सांगितले. वीस हजार टनांवरील नव्या कच्च्या तेलाच्या टँकरांना बॅलास्टसाठी अगदी वेगळ्या टाक्या हव्यात, ज्यांत तेल कधी जातच नाही. तेलाच्या टाक्या पाण्याने धुण्याऐवजी कच्च्या तेलाच्याच फवाऱ्याने धुवायच्या, म्हणजे भिंतीचा थर मालाबरोबर खरेदीदाराकडे जातो.

ह्याने काय झाले पाहा. डबाच असा केला की त्यात पाणी घालण्याची वेळ येऊ नये. आता कप्तान सज्जन असो की लबाड, सोडायला घाण पाणीच तयार होत नाही. टाकी आहे की नाही हे बंदरातला साधा तपासनीस दिवसाउजेडी पाहू शकतो. ती नसेल तर प्रमाणपत्र नाही, विमा नाही, कर्ज देणारी बँक नाही. परक्या बंदरात जहाज अडकवून ठेवता येते. आणि अडकलेल्या जहाजाचा प्रत्येक दिवस मालकाला सोसवत नाही. रोनाल्ड मिचेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९४ साली ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्याने दाखवले की तेल सोडण्याच्या मर्यादांचा नियम सर्रास मोडला जात होता, तर बांधणीचा नियम शंभरातल्या नव्वदांहून अधिक टँकरांनी पाळला. 'फायदा होता म्हणून पाळला' असे कोणी म्हणेल. तेलाने धुण्यात फायदा होता खरा, पण वेगळ्या टाक्यांत मालकाचा शुद्ध तोटा होता. तेवढी माल भरण्याची जागाच गेली. तरीही त्या बांधल्या गेल्या.

अपघातांच्या बाबतीत हीच वाट पुढे चालली. १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात 'एक्सन व्हाल्डेझ' खडकावर आदळून सुमारे सदतीस हजार टन तेल सांडले. अमेरिकेने दुसऱ्याच वर्षी दुहेरी कवचाचा कायदा केला आणि जगानेही तो पाठोपाठ स्वीकारला. म्हणजे जहाजाला बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन भिंती. बाहेरची फुटली तरी तेल आत राहावे. टँकरांतून होणाऱ्या, सातशे टनांहून मोठ्या तेलगळती १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी चोवीस-पंचवीस होत होत्या. २०१० च्या दशकात त्या सरासरी दोनच्याही आत आल्या. समुद्रातून जाणारे तेल ह्या काळात कमी झाले नाही. सगळे श्रेय कायद्याला देऊ नका. रडार, उपग्रह, विमेकऱ्यांची भीती ह्यांचाही त्यात वाटा आहे. तथापि 'कायद्याने काही होत नाही' असे चहाच्या टेबलावर ठासून सांगणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून ऐकवतो.

मग राहिले काय? राहिले इंजिनघर. प्रत्येक जहाजाच्या तळाशी, मग ते टँकर असो, मालवाहू असो की सहलीचे असो, इंजिनातून ठिबकणारे तेल आणि पाणी साचते. त्याला बिल्ज म्हणतात. ते पाणी एका विलगक यंत्रातून गाळून, दहा लाखांत पंधरा भागांहून कमी तेल उरले तरच बाहेर सोडायचे आणि उरलेला गाळ बंदरात द्यायचा, असा नियम आहे. येथे डबा बदलता येत नाही; येथे पुन्हा माणसावर विश्वास ठेवणे आले.

माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीकडचा. आर्ट्सला वर्षभर बसून कंटाळला, सागरी अभियांत्रिकीला गेला, आज परदेशी कंपनीच्या जहाजावर इंजिनियर आहे. सुटीवर आला की भेटतो. त्याने मला 'जादूच्या नळी'ची गोष्ट सांगितली. विलगक यंत्राला बगल देऊन एक तात्पुरती नळी जोडायची, रात्री पाणी थेट समुद्रात सोडायचे, सकाळी नळी काढून जोडाला रंग फासायचा आणि तेलाच्या नोंदवहीत 'यंत्रातून गाळले' असे लिहायचे. "पण का?" मी विचारले. "सर, यंत्राची गाळणी बदलायला पैसे लागतात. गाळ बंदरात द्यायचा तर बार्ज बोलवायचा, त्याचे पैसे वेगळे, वेळ वेगळा. मुख्य इंजिनियर म्हणतो, खर्च कमी दाखव. कोणी 'समुद्रात सोड' असं म्हणत नाही. 'खर्च कमी दाखव' एवढंच म्हणतात." त्याने स्वतः तसे केले का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते की काय, हे अजून ठरलेले नाही.

ह्या नळीपुढे कायदा कसा टिकणार? अमेरिकेने काढलेला उपाय कायदा शिकवणाऱ्याला मोठा चवदार वाटतो. परदेशी जहाजाने दूर समुद्रात तेल सोडले, तर त्या कृत्याचा खटला अमेरिकन कोर्टात सहसा उभा राहत नाही. पण तेच जहाज खोटी नोंदवही घेऊन अमेरिकन बंदरात शिरले, तर ती खोटी वही दाखवणे हा अमेरिकेच्या हद्दीतला गुन्हा. शिवाय १९८० च्या त्यांच्या कायद्याप्रमाणे दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम खबर देणाऱ्याला देता येते. २०१३ साली एका मोठ्या सहलीच्या जहाजावरच्या नव्या इंजिनियरने अशी नळी पाहिली, इंग्लंडच्या बंदरात नोकरी सोडली आणि अधिकाऱ्यांना कळवले. चौकशीत निघाले की ही लबाडी २००५ पासून चालू होती. 'प्रिन्सेस' कंपनीने २०१६ साली गुन्हा कबूल केला आणि चार कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. ना विमानाने पकडले, ना उपग्रहाने. पकडले एका नव्या पोराने.

दुसरा उपाय बाल्टिक समुद्राच्या देशांचा. त्यांनी ठरवले की गाळ बंदरात द्या अथवा देऊ नका, त्याची फी बंदराच्या भाड्यातच घ्यायची. एकदा पैसे भरलेच, तर कोण रात्री नळी जोडत बसेल? त्याच्या जोडीला विमानांची गस्त आहे. १९९९ साली त्या समुद्रावर तेलाचे चारशेहून अधिक तवंग दिसले होते. २०१५ साली ते शंभराच्या आत आले.

आता आपल्याकडे या. भारताने मार्पोल १९८६ साली स्वीकारला. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात त्यासाठी वेगळा भाग घातला गेला, आणि २०२५ साली संसदेने त्या जुन्या कायद्याच्या जागी नवाच कायदा केला. म्हणजे कागद कमी पडत नाहीत. पण ७ ऑगस्ट २०१० हा दिवस मुंबईचे मच्छीमार विसरले नसतील. 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. 'चित्रा' टँकर नव्हते, कंटेनरचे जहाज होते. सांडले ते त्याचे स्वतःचे जळण, सुमारे आठशे टन. उरण, घारापुरी, अलिबाग ह्या बाजूची तिवरांची मुळे काळी झाली. काही दिवस बंदर थांबले आणि बाजारात मासळीला कोणी हात लावेना. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'राक कॅरियर' हे कोळशाचे जहाज मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर बुडाले. त्याबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जहाजकंपनीला शंभर कोटींची भरपाई द्यायला सांगितले ते २०१६ साली, पाच वर्षांनी. डोल लावून पोट भरणाऱ्या नाखव्याने पाच वर्षे काय खावे, ह्याचे उत्तर निकालपत्रात नसते.

२०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ लायबेरियाच्या निशाणाचे 'एमएससी एल्सा ३' बुडाले. केरळ सरकारने नऊ हजार कोटींहून अधिक भरपाईचा दावा लावला आणि उच्च न्यायालयाने त्याच समूहाचे दुसरे जहाज विळिंजम बंदरात अडकवून ठेवण्याचा हुकूम दिला. सिंगापूरच्या डोलकाठीवरचा तो कागद मला तेव्हा आठवला. अठ्ठावन्न वर्षांनंतरही कायद्याचा हात पोहोचतो तो बंदरातच.

म्हणून मला वाटते, आपण विमाने नि गस्ती नौका जरूर वाढवाव्यात. परंतु त्याआधी एक साधी चौकशी करावी. आपल्या बंदरांत जहाजाने गाळ द्यायचा म्हटला तर तो किती वेळात, किती पैशांत आणि किती सह्यांनंतर घेतला जातो? तो घेण्याची सोय करणे हे त्याच करारान्वये सरकारवर बंधन आहे, जहाजावर उपकार नव्हे. मच्छीमार संस्थांनी आपल्या आमदाराला विचारायचा प्रश्न हाच आहे. आणि आपल्याकडचे शेकडो तरुण दरवर्षी इंजिनघरात उतरतात. त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडले, तर त्याची पुढची नोकरी सुरक्षित राहील अशी तरतूद कोठे आहे?

मागच्या गणपतीत तो विद्यार्थी आला होता. मी त्याला नोंदवहीबद्दल विचारले. प्रत्येक नोंदीखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याची सही, प्रत्येक पानाखाली कप्तानाची. "हल्ली मी टाकीची पातळी आधी स्वतः मोजतो," तो म्हणाला, "मग सही. आणि पानाचा एक फोटो काढून ठेवतो." मग चहाचा कप खाली ठेवून त्याने विचारले, "सर, तो फोटो पाठवायचा झाला तर आपल्याकडे कोणाला पाठवायचा?"

मला नेमके नाव सांगता आले नाही.